साडेसहाचा तास

सोमवार, २४ नोव्हेंबर १९८६

"विक्रोळी, कांजूर, भांडुपहून येणाऱ्या, मुलुंड-घाटकोपरहून येणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो! आपल्या कॉलेजला एवढं मोठं मैदान आहे, आणि आपण त्याच्या पायऱ्या तेवढ्या ओळखतो. मुलं खेळतात, आपण बसतो. मुलांचा चेंडू पायऱ्यांकडे आला की आपण तो उचलून देतो, तोही हळूच, कुणी हसू नये म्हणून. मी विचारते, हे मैदान कुणाचं?"

इथे टाळ्या पडल्या. आज साडेबाराला पायऱ्यांवर उभं राहून केलेलं भाषण आठवेल तसं उतरवून ठेवते आहे, कारण एका जागी बसवत नाही. आई म्हणाली, "वसू, गॅलरीत येरझाऱ्या घालू नकोस, खालून लोक बघतायत." बघू देत. आज शंभर मुलींनी बघितलं.

पुढे मी बोलले ते असं, की शरीर ताठ नसेल तर मान ताठ राहत नाही. बाई मैदानावरून हटली की सभेतून हटते, सभेतून हटली की घरात गप्प बसते. ग्रीसमध्ये एका नगरात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मुली धावायच्या, कुस्ती खेळायच्या. आपण १९८६ साली बसची घंटा ऐकूनसुद्धा धावत नाही, ओढणी सरकेल म्हणून!

टाळ्या. खूप टाळ्या. मालन पुढच्या पायरीवर होती, ती सगळ्यांत जोरात वाजवत होती. मालन माझ्या वर्गातली, कांजूरला चाळीत राहते. पहिल्या वर्षाच्या लंगडीच्या सामन्यात तिने एकटीने सात जणी बाद केल्या होत्या. असं शरीर घेऊन मुलगी पायऱ्यांवर बसते! तिच्यासाठी हा तास मिळवायचा. तिचंच उदाहरण द्यायला हवं होतं, सुचलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जिंकले.

प्राचार्यांकडे लेखी अर्ज घेऊन गेले होते. क्रीडाशिक्षक शिवदास सर बाजूला बसलेले. प्राचार्य म्हणाले, "दुपारी लेक्चर्स संपल्यावर साडेबारा ते दोन मैदान तसं रिकामंच असतं. मुलांची प्रॅक्टिस तीनला. घ्या की तुम्ही."

माझं डोकं सणकलं. म्हणजे जे कुणाला नको ते आम्हाला! मी तिथेच अर्जाच्या खाली वाक्य वाढवलं: "उरलंसुरलं ऊन आम्हाला नको. आम्हाला पहाट हवी." मी वाचलेल्या प्रत्येक चरित्रात मोठी माणसं पहाटे उठतात. दुपारी साडेबाराला मोठं झालेलं कुणी माझ्या वाचनात नाही.

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साडेसहा ते साडेसात? लेक्चर आठ वाजून दहा मिनिटांनी असतं. मुली येतील?"

"येतील," मी म्हटलं.

"कुणाला विचारलंय?"

"सर, काल शंभर मुलींनी टाळ्या वाजवल्यात."

शिवदास सर मिशीत हसले. मग अट आली. रोजची हजेरी ठेवायची. नाताळच्या सुट्टीआधी, २३ डिसेंबरला वही दाखवायची. रोज सरासरी वीस मुली असतील तर तास कायमचा मुलींचा. नसतील तर मैदान क्रिकेटवाल्यांना, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

वीस! मी दोनशे आणीन.

सोमवार, १ डिसेंबर

पहिला दिवस. एकतीस मुली! हवेत गारवा, कुणी पांढरी सलवार, कुणी भावाची ट्रॅक पँट. शिवदास सरांनी शिटी वाजवली आणि सगळ्या धावल्या. मी वही घेऊन पायरीवर होते. घाटकोपरची एक मुलगी धापा टाकत म्हणाली, "वसुधा, तू नाही धावत?" मी म्हटलं, व्यवस्था कुणीतरी पाहायला हवी ना.

मालन नव्हती.

आठ वाजून वीस मिनिटांनी, लेक्चर सुरू झाल्यावर, ती नेहमीसारखी मागच्या दाराने आली. सलवारीच्या कडा ओल्या, केस घाईत बांधलेले. मी मधल्या सुट्टीत धरलं.

"का गं आली नाहीस?"

"बघू गं."

"बघू म्हणजे?"

"जमलं तर येतंय," म्हणाली आणि माझ्या डब्यातली कोथिंबीर वडी उचलली.

अशी माणसं स्वतःचा हक्क 'बघू' म्हणून सोडून देतात.

शुक्रवार, ५ डिसेंबर

३१, २४, १७, १४, ११.

आणि येणाऱ्या सगळ्या मुलुंड, घाटकोपरच्या. विक्रोळी, कांजूर, भांडुपमधून या आठवड्यात एकदा दोघी आल्या, बस्स. ज्यांच्यासाठी भांडले त्याच नाहीत. क्रिकेटच्या संघातला जयवंत पायऱ्यांवरून ओरडला, "ए भाषण! पोरी कुठायत तुझ्या? आमचा रोलर ओढायला बोलाव, तेवढाच व्यायाम!" मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

कारण काय? मी विचार केला आणि मला ते लख्ख दिसलं. आत्मविश्वास. पिढ्यान्पिढ्या मान खाली घालायला शिकवलंय. चाळीत चार माणसांत मोठ्याने हसायची चोरी, ती मुलगी मैदानात चारशे डोळ्यांसमोर धावेल कशी? आजार मनात आहे. मनावरच घाव घातला पाहिजे.

सोमवार, ८ डिसेंबर

नशीब माझ्या बाजूला आहे. मानसशास्त्राच्या क्षमा मॅडम एक पाहणी करतायत: कॉलेजातले कोण मुलगे-मुली व्यायाम करतात, कोण नाही, घर कसलं, वडील काय करतात, स्वतःबद्दल किती विश्वास वाटतो. सायक्लोस्टाइल केलेले फॉर्म आहेत. सहा वर्गांत वाटायचं काम मला दिलं. म्हणाल्या, "तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो."

सातवा प्रश्न महत्त्वाचा. 'नियमित व्यायाम करत नसल्यास मुख्य कारण कोणते? आवड नाही / वेळ नाही / जागा नाही / आत्मविश्वास नाही / घरचा विरोध.'

नुसते फॉर्म वाटून माणूस जागा होतो का? मी प्रत्येक वर्गात आधी दहा मिनिटं बोलते. भीती कशी अंगात मुरते, आपण तिला 'वेळ नाही', 'आवड नाही' अशी सोज्वळ नावं कशी देतो, आणि खरं उत्तर द्यायला धैर्य कसं लागतं. आज दोन वर्ग झाले. आमच्या टी.वाय.च्या वर्गात तर सुई पडली तरी ऐकू आली असती. मालन एकटक माझ्याकडे बघत होती, मग तिने फॉर्म भरला, जिभेचं टोक दातात धरून, परीक्षेत धरते तसं.

बुधवार, १० डिसेंबर

काल तीन वर्ग केले आणि आज घसा साफ बसला. आवाज म्हणून निघत नाही. आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. सहावा वर्ग राहिला होता, पहिल्या वर्षाची 'ब' तुकडी. तशीच गेले. फळ्यावर 'प्रामाणिकपणे भरा' एवढं लिहिलं, फॉर्म वाटले, गोळा केले, आले. त्या पोरांचं नुकसान झालं.

मैदानावर ९.

शनिवार, १३ डिसेंबर

सकाळपासून फॉर्म मोजते आहे. अण्णा ऑफिसला जाताना म्हणाले, "निवडणूक आहे का?" मी म्हटलं, त्याहून मोठं आहे.

मुलांचं बघा. दहातले सात म्हणतात आम्ही रोज व्यायाम करतो. जयवंतने व्यायामाचा प्रकार 'क्रिकेट व कॅरम' लिहिलाय आणि आत्मविश्वासापुढे दहापैकी दहा. ज्यांना वडलांनी स्कूटर दिलीय त्यांचेही आठ-नऊ.

आणि मुली! पहिल्या पाच वर्गांत व्यायाम न करणाऱ्या मुली एकाहत्तर. त्यातल्या चौसष्ट जणींनी 'आत्मविश्वास नाही'वर खूण केलीय. चौसष्ट! मी ओरडलेच. आईच्या हातातून पोह्यांचा डबा पडता पडता राहिला. मी म्हणत होते तेच! आकडे स्वतः उठून माझं भाषण करतायत.

फक्त 'ब' तुकडी बिघडली. तिथल्या सतरा मुलींपैकी दोघींनीच 'आत्मविश्वास'वर खूण केलीय. बाकी सगळ्या 'वेळ नाही', आणि अकरा जणींनी समासात पेन्सिलीने वर लिहिलंय, 'सकाळी नाही जमत.' आळस! हा वर्ग मोजणीतून काढून टाकावा असं मॅडमना सुचवणार आहे.

सोमवार, १५ डिसेंबर

क्षमा मॅडमनी तक्ता पाहिला. बराच वेळ. मला वाटलं शाबासकी शोधतायत.

"वसुधा, 'ब' तुकडीत तू बोलली नाहीस ना?"

"नाही मॅडम, घसा बसला होता. म्हणूनच तो वर्ग वाया गेला."

"आणि बाकी पाचांत बोललीस."

"दहा-दहा मिनिटं."

त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. "मग 'ब' तुकडी ठेवू या. बाकीचे पाच वर्ग पुन्हा कर. फॉर्म वाटायचे, गोळा करायचे. तोंड उघडायचं नाही."

का? विचारलं तर म्हणाल्या, "तूच शोध." बाहेर आले तेव्हा कान तापले होते. जे बोलू शकत नाहीत त्यांना दुसऱ्याचं बोलणं खुपतं, हे मी आधीही अनुभवलंय. चौसष्ट मुली खोटं बोलतील?

मैदानावर ६. शिवदास सर स्वतःच धावतात, शिटी खिशात ठेवून.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज वाईट झालं. लिहिते, कारण लिहिल्याशिवाय कळणार नाही.

साडेबाराला पायऱ्यांवर मालन आणि तिच्याबरोबरच्या विक्रोळी-भांडुपच्या सात-आठ जणी शेंगा खात बसल्या होत्या. तेवीस तारीख आठवड्यावर. माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्यासाठी मी प्राचार्यांशी भांडले, आणि तुम्ही इथे बसून शेंगा सोलताय! उद्या मैदान गेलं तर तुमच्यामुळे जाईल. मुलुंडच्या मुली उठतात, तुम्हाला काय होतं? झोप आवरत नाही?"

मालनने टरफलं ओढणीतून झटकली.

"वसुधा, तुझ्याकडे नळ किती वाजता येतो गं?"

"नळ येतो म्हणजे? नळ असतोच."

एकदम हसू फुटलं. एकीला ठसका लागला. "ऐकलंस? नळ असतोच!" "वा यार, झकास!" मालन हसली नाही. ती उठली, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि गेली. ते थोपटणंच जास्त लागलं.

मी काय चुकीचं बोलले? नळ असतोच ना?

घरी आल्यावर आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. "म्हणजे काय, पाणी खाली सहा ते सात येतं. नाना पंप लावतो, गच्चीवरच्या टाकीत चढवतो. म्हणून दिवसभर आपल्याला." नाना म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. मी एकवीस वर्षांची झाले, आणि रोज सकाळी जो घरघर आवाज येतो तो पंपाचा, हे मला आज कळलं. मला वाटायचं गिरणीचा आहे.

सहा ते सात.



गुरुवार, १८ डिसेंबर

आज मैदानावर गेले नाही. पहिल्या बसने कांजूरला गेले.

मालनची चाळ दोन मजली, नळ एक, खाली. पावणेसहापासून रांग: हंडे, कळशा, डालड्याचे डबे, एक बालदी नुसतीच ठेवलेली, तिची मालकीण वर पोळ्या लाटत होती. मालनच्या दोन हातांत दोन हंडे. तिचे वडील आधी गिरणीत होते, संपानंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन, रात्रपाळी; सातला परत येतात. घरचं पाणी मालन भरते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सुंदराबाईंचंही. मी मोजलं: चौदा खेपा. छत्तीस पायऱ्या, चौदा वेळा. धाप नाही. मध्येच एका बाईशी नंबरावरून भांडली, जिंकली, आणि तिचाच हंडा तिच्या डोक्यावर चढवून दिला.

मी जिन्याजवळ उभी. तिची आई, जानकीकाकू, वरून म्हणाल्या, "गो बाय, उबी काय ऱ्हवलंस? ती कळशी घे आणि ये वर. पाणी जातला आता!"

मी कळशी उचलली. पहिल्या वळणाला हात सुटायला आला. कळशी पायरीवर टेकवली, निम्मं पाणी माझ्या सलवारीवर. कडा भिजल्या, मालनच्या रोज असतात तशा.

मालन वरून खाली येत होती, रिकामे हंडे वाजवत. थांबली. माझ्याकडे बघितलं, कळशीकडे बघितलं.

"काय गं? आत्मविश्वास कमी पडला?"

आणि मग आम्ही दोघी त्या जिन्यात बसून इतक्या हसलो की जानकीकाकू ओरडल्या, नंबर जाईल म्हणून.

नंतर चहा पिताना विचारलं. "मालन, मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू सांगत होतीस."

"मग फॉर्मवर 'आत्मविश्वास नाही' का लिहिलंस?"

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "आता एवढं मन लावून बोललीस तू. मला वाटलं, बरोबर उत्तर तेच असणार. मार्क कापले जायला नको."

चौसष्ट.

कप विसळायला उठले, आणि तांब्यात पाणी किती आहे ते आधी पाहिलं. 

शुक्रवार, १९ डिसेंबर

पाच वर्गांत फॉर्म पुन्हा वाटले. तोंड उघडलं नाही. आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही. एका वर्गात एकीने विचारलं, "ताई, कुठलं उत्तर लिहायचं?" मी खांदे उडवले आणि खिडकीबाहेर पाहिलं. जीभ तोंडात नुसती वळवळत होती.

'आत्मविश्वास नाही': नऊ. 'वेळ नाही': बावन्न. बाकी दहा इकडेतिकडे. समासात नळ, धाकटी भावंडं, सकाळचा डबा. ज्या नऊ जणींनी आत्मविश्वास लिहिलाय त्यांतल्या सात मुलुंड-घाटकोपरच्या, घरात टाकी असलेल्या. मॅडमनी तक्ता पाहिला आणि फक्त मान हलवली. मग कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तुझा राहिलाय."

भरला. व्यायाम: नाही. घरचा विरोध नाही, वेळ आहे, जागा आहे. शेवटी खूण कुठे केली ते मॅडमना माहीत आहे.

तिथून प्राचार्यांकडे. म्हटलं, सर, तास दुपारी साडेबाराला करा. त्यांनी फाइल उघडली आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. "उरलंसुरलं ऊन आम्हाला नको." ते रागावले नव्हते. त्यानेच जास्त कसंतरी झालं.

"सर, ते वाक्य माझं होतं. त्यांचं नव्हतं."

"मग त्यांचं आणा. तुमच्या अक्षरात नको. वीस जणींच्या. मंगळवारी तीनपर्यंत. नाहीतर बुधवारपासून मैदान क्रिकेटला, ठरल्याप्रमाणे."

शिवदास सर दारापर्यंत आले. "भाषण करणार?"

"हो. पण छोटं."

"बघा हं," म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत.

सोमवार, २२ डिसेंबर

तीन दिवस येरझाऱ्या. पंधरा पानं लिहिली, फाडली. दर वेळी दुसऱ्या परिच्छेदात कुणीतरी ग्रीक येतो. मालनला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मेल्या ग्रीकांना पाणी कोण भरत होतं, ते विचार आधी." ती म्हणते तिला तिन्हीसांजेला चार घरच्या मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, साडेबारा ते दोन तिचे मोकळे. पण दुसऱ्या कुणाचे नसतील. विचारल्याशिवाय मला कसं कळणार? मुलुंडच्या एकीने आजच सांगितलं, दुपारच्या उन्हात ती काळी पडेल, तिची पहाटच बरी. तिचंही लिहून घ्यायला हवं.

आज सकाळी मैदानावर चौघी होत्या. वही पायरीवर ठेवली आणि धावले. पाऊण फेरी झाली. मग बसले. जयवंत ओरडला, "ए भाषण, ॲम्ब्युलन्स बोलवू?" मी हात हलवला. बोलायला श्वासच नव्हता.

उद्या साडेबाराला पायऱ्यांवर बोलायचं ते हे. यापुढे एक शब्द नाही:

"विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या मैत्रिणींनो. मैदान अजून आपलं झालेलं नाही, आणि या वेळी ते मुलांमुळे नाही. महिनाभर मी तुम्हाला तुमच्याबद्दल सांगत होते. साडेसहाचा तास मी मागितला. तुमच्यातल्या एकीलाही विचारलं नाही. माझ्या घरी पाणी नाना वर चढवतो, म्हणून मला पहाट रिकामी वाटली. तुम्ही भित्र्या नाही. तुम्ही त्या वेळी जिन्यात असता.

ही वही पायरीवर ठेवते आहे. पेन दोरीने बांधलंय, कुणी खिशात घालू नका. पहिली ओळ माझी आहे: 'वसुधा. नळ चोवीस तास. पाऊण फेरी.' वही तीन वाजता प्राचार्यांच्या टेबलावर जाणार. त्याआधी, शेजारणीचं न बघता आणि मला न विचारता, आपल्या नावापुढे तुमच्या घरचा नळ किती वाजता येतो, किती वाजता जातो, आणि तुम्ही मैदानावर किती वाजता येऊ शकता, ते आपल्या हाताने लिहा."